जुन्या संगणकावर संकेतस्थळे का उघडत नाहीत? निदान आणि उपाय

घरातल्या जुन्या संगणकावर बँकेचे किंवा एखाद्या सरकारी सेवेचे संकेतस्थळ उघडायला जावे, तर पडद्यावर ‘हे पान दाखवता येत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो, किंवा नुसतेच पांढरे पान दिसत राहते. त्याच वेळी, त्याच वाय-फायवर, मोबाईलमध्ये मात्र तेच संकेतस्थळ विनातक्रार उघडते. अशा वेळी दोष राउटरला, इंटरनेट पुरवणाऱ्याला किंवा त्या संकेतस्थळाला दिला जातो. प्रत्यक्षात तो बहुतेकदा संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या, म्हणजेच कार्यप्रणालीच्या, वयात असतो.

भारतात २५ पैसे व त्याहून कमी मूल्याची नाणी ३० जून २०११ पासून वैध चलन राहिली नाहीत. चार आण्यांचे नाणे त्या दिवशी खोटे झाले नाही किंवा झिजलेही नाही. ते स्वीकारणारा कोणी उरला नाही इतकेच. जुन्या कार्यप्रणालीचेही तसेच होते. संगणक कालसारखाच चालू असतो, परंतु तो ज्या पद्धतीने संकेतस्थळाशी बोलू पाहतो, ती पद्धत समोरच्याने बंद केलेली असते.

या बिघाडाचे कारण मात्र दरवेळी एकच नसते. संगणकाचे घड्याळ, त्यातील प्रमाणपत्रांची यादी, सुरक्षित संभाषणाची आवृत्ती, ब्राउझर आणि टंक अशा पाच ठिकाणी तो होऊ शकतो. यांपैकी काही बिघाड घरच्या घरी, फुकटात दुरुस्त होतात. काही ब्राउझर बदलल्याने काही काळापुरते टळतात. आणि काहींपुढे त्या यंत्रावरून इंटरनेट वापरणे थांबवणे हाच शहाणपणा ठरतो. कोणता बिघाड कोणत्या प्रकारचा हे ओळखल्याशिवाय केलेला उपाय निरुपयोगी ठरतो आणि पुष्कळदा धोकादायकही.

जुनी कार्यप्रणाली म्हणजे किती जुनी?

विंडोज एक्सपी २००१ मध्ये बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने तिची देखभाल थांबवली. विंडोज व्हिस्टाची देखभाल ११ एप्रिल २०१७ रोजी, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी, विंडोज ८.१ ची १० जानेवारी २०२३ रोजी आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज १० च्या घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षाविषयक सुधारणा मिळण्याची सोय ठेवण्यात आली.

देखभाल संपली म्हणजे त्या दिवसापासून संकेतस्थळे उघडायची थांबली, असे नव्हे. प्रथम सुरक्षेतील छिद्रे बुजवणाऱ्या सुधारणा येणे बंद होते. त्यानंतर काही वर्षांनी ब्राउझर तयार करणाऱ्या संस्था त्या प्रणालीची साथ सोडतात. एक्सपी व व्हिस्टा यांना चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती ४९. विंडोज ७, ८ आणि ८.१ यांना चालणारी शेवटची १०९, जी २०२३ च्या जानेवारीत आली. यापुढे ब्राउझर गोठलेला राहतो आणि संकेतस्थळे पुढे जात राहतात. दोहोंतील अंतर वाढत गेले की एकेक संकेतस्थळ उघडेनासे होते. त्यामुळे विंडोज १० वर आज सारे सुरळीत दिसत असले, तरी हीच वाट त्या प्रणालीपुढेही आहे.

जुने संगणक टिकून राहण्यामागे नेहमीच काटकसर नसते. छपाईच्या व्यवसायात अजून वापरले जाणारे पेजमेकर हे सॉफ्टवेअर त्याच्या सातव्या आवृत्तीनंतर पुढे सरकले नाही आणि ती आवृत्ती २००१ मधील आहे. युनिकोडपूर्व मराठी टंकांत जुळवलेला मजकूर, डोंगल लावून चालणारी सॉफ्टवेअरे, जुने प्रिंटर आणि हिशेबाचे जुने कार्यक्रम यांच्यासाठीही ही यंत्रे जपली जातात. अडचण सुरू होते ती त्याच यंत्रावरून बँकेचे किंवा सरकारी काम करायला गेल्यावर.

संकेतस्थळ उघडताना काय घडते?

पत्ता टंकून एंटर दाबल्यावर ब्राउझर प्रथम त्या नावामागील अंकी पत्ता डीएनएस या व्यवस्थेकडून मिळवतो. त्यानंतर तो संकेतस्थळाच्या सर्व्हरशी जोडणी करतो. पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ असेल, आणि आज जवळजवळ सर्वत्र ते असते, तर प्रत्यक्ष मजकूर येण्यापूर्वी दोघांमध्ये एक बोलणी होते. आपल्याला कूटलेखनाच्या कोणत्या पद्धती येतात याची यादी ब्राउझर पाठवतो आणि त्यांतील एक सर्व्हर निवडतो. या बोलणीच्या नियमांना टीएलएस म्हणतात.

त्याच बोलणीत सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवतो. ते कोणत्या संस्थेने दिले, कोणत्या नावासाठी दिले आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे, हे संगणक तपासतो. हे सर्व जुळले तरच पानाचा मजकूर येतो. मग ब्राउझरला पानातील जावास्क्रिप्ट समजावी लागते आणि अक्षरे दाखवण्यासाठी योग्य टंक लागतो. साखळीतील कोणतीही एक कडी निखळली की वापरकर्त्याच्या दृष्टीने निकाल सारखाच असतो: संकेतस्थळ उघडत नाही.

निदानाची पहिली पायरी

प्रथम तेच संकेतस्थळ त्याच वाय-फायवर असलेल्या नव्या मोबाईलवर उघडून पाहावे. मोबाईलचा स्वतःचा डेटा त्या वेळी बंद ठेवावा, अन्यथा चाचणीला अर्थ उरत नाही. तेथेही ते उघडले नाही, तर दोष संगणकाचा नाही. तेथे उघडले, तर संगणकावर आणखी चार-पाच संकेतस्थळे उघडून पाहावीत. सगळीच बंद असणे आणि मोजकीच बंद असणे यांची कारणे वेगळी असतात.

त्यानंतर पडद्यावरचा संदेश नीट वाचावा. बहुतेक जण तो न वाचताच बंद करतात. परंतु निदानाचा निम्मा भाग त्यातच असतो. इंटरनेट एक्सप्लोररचा संदेश अनेकदा मोघम असतो, म्हणून शक्य असल्यास तेच पान क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये उघडावे. संदेशातील शब्दांवरून पुढीलप्रमाणे अंदाज बांधता येतो.

• ‘डेट’ हा शब्द, किंवा घड्याळ पुढे अथवा मागे असल्याची सूचना: संगणकाची तारीख चुकलेली आहे किंवा संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत संपली आहे.

• ‘ऑथॉरिटी’ किंवा ‘अननोन इश्युअर’: प्रमाणपत्र देणारी संस्था संगणकाच्या यादीत नाही.

• ‘व्हर्जन’, ‘सायफर’ किंवा ‘प्रोटोकॉल’: दोघांना समजेल अशी टीएलएसची समाईक पद्धत सापडली नाही.

• ‘डीएनएस’: नावाचा पत्ताच मिळाला नाही. हा दोष कार्यप्रणालीच्या वयाशी क्वचितच संबंधित असतो. राउटर व जोडणी तपासावी.

• कोणताही संदेश नाही, पान पांढरे किंवा विस्कटलेले: जोडणी झाली आहे, परंतु ब्राउझरला पान समजलेले नाही.

• पान आले, पण मराठी अक्षरांच्या जागी चौकोन: टंकाचा किंवा लिपीच्या आधाराचा प्रश्न आहे.

घड्याळ: सर्वात साधे कारण

संगणक बंद असतानाही वेळ चालू ठेवण्याचे काम मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची एक बॅटरी करते. सामान्यतः ती सीआर २०३२ या प्रकारची, ३ व्होल्टची असते. काही वर्षांनी ती संपते आणि संगणक सुरू करताना तारीख कित्येक वर्षे मागे जाते. संकेतस्थळाचे प्रमाणपत्र या वर्षीचे आणि संगणकाची तारीख मात्र २००५ सालची असेल, तर संगणकाच्या लेखी ते प्रमाणपत्र अद्याप जन्मालाच आलेले नसते. परिणामी जवळजवळ सगळीच सुरक्षित संकेतस्थळे एकाच वेळी बंद पडतात. मोजकीच नव्हे तर सारी संकेतस्थळे अचानक उघडेनाशी झाली, तर प्रथम घड्याळाकडे पाहावे ते यामुळेच.

पूर्वी प्रमाणपत्रे कित्येक वर्षांसाठी दिली जात. १ सप्टेंबर २०२० पासून ती ३९८ दिवसांपुरतीच ग्राह्य धरली जाऊ लागली, तर लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था सुरुवातीपासून ९० दिवसांची प्रमाणपत्रे देत आली आहे. मुदत जितकी लहान, तितकी घड्याळातील चूक अधिक महागात पडते. वर्ष बरोबर आहे म्हणून समाधान मानू नये. दिवस, महिना, वर्ष आणि वेळ हे सारे तपासावे.

पडद्याच्या कोपऱ्यातील घड्याळावरून तारीख दुरुस्त करावी आणि टाइम झोन भारताचा, म्हणजे यूटीसीपेक्षा साडेपाच तास पुढचा, असल्याची खात्री करावी. संगणक पुन्हा सुरू केल्यावर तारीख परत मागे गेली, तर बॅटरी बदलावी. हा खर्च अगदी किरकोळ असतो. हा दोष दूर होऊन संकेतस्थळे पूर्ववत झाली, तर पुढील कोणताही खटाटोप करण्याची गरज नाही.

प्रमाणपत्रांची जुनी यादी

प्रत्येक कार्यप्रणालीत काही विश्वासार्ह संस्थांची मूळ प्रमाणपत्रे साठवलेली असतात. संकेतस्थळाचे प्रमाणपत्र त्यांपैकी एखाद्या मुळापर्यंत पोहोचले तरच ते खरे मानले जाते. ही यादी अद्ययावत होत नसेल, तर नंतर स्थापन झालेल्या संस्था त्या संगणकाला अनोळखी ठरतात, आणि यादीतील जुन्या मुळांची मुदतही यथावकाश संपते.

याचे ठळक उदाहरण ३० सप्टेंबर २०२१ रोजी जगभर दिसले. असंख्य संकेतस्थळांना मोफत प्रमाणपत्रे देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था आरंभी ‘डीएसटी रूट सीए एक्स ३’ या जुन्या, सर्वमान्य मुळाच्या आधारावर उभी होती. त्या मुळाची मुदत त्या दिवशी संपली. संस्थेचे स्वतःचे मूळ, ‘आयएसआरजी रूट एक्स १’, नव्या प्रणालींमध्ये होते. परंतु मॅकच्या १०.१२.१ पूर्वीच्या आणि आयफोनच्या १० पूर्वीच्या प्रणालींमध्ये ते नव्हते. आदल्या दिवसापर्यंत व्यवस्थित उघडणारी संकेतस्थळे त्या यंत्रांवर दुसऱ्या दिवशी बंद पडली. वापरकर्त्याने काहीही बदलले नव्हते आणि संकेतस्थळानेही नाही.

विंडोज ७ ही यादी गरजेनुसार विंडोज अपडेटमार्फत मिळवते. ती सेवा बंद ठेवलेली असल्यास प्रथम सुरू करावी. त्यातही एक पेच आहे. २०२० पासून मायक्रोसॉफ्टने एसएचए-१ या जुन्या पद्धतीवर चालणारी अपडेट सेवा बंद केली. त्यामुळे कित्येक वर्षे अद्ययावत न केलेल्या विंडोज ७ ला आधी एसएचए-२ चा आधार देणारी सुधारणा हाताने बसवावी लागते. ज्या संगणकाला औषध हवे, त्यालाच औषधाच्या दुकानापर्यंत जाता येत नाही अशी ही स्थिती. म्हणून आवश्यक फाइल दुसऱ्या, अद्ययावत संगणकावर उतरवून घ्यावी आणि पेन ड्राइव्हने आणावी.

मूळ प्रमाणपत्र हाताने बसवणेही शक्य असते. मात्र ते त्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. अनोळखी ठिकाणाहून मिळालेले मूळ प्रमाणपत्र बसवणे म्हणजे घराच्या किल्लीचा साचा परक्याच्या हाती देणे होय. ज्याच्याकडे त्या मुळाची गुप्त किल्ली आहे, तो कोणत्याही बँकेच्या नावाने बनावट पान तयार करू शकतो आणि संगणक ते खरे मानतो.

टीएलएसच्या आवृत्त्या

टीएलएसची पहिली आवृत्ती, १.०, ही १९९९ मधील. १.१ ही २००६ मध्ये, १.२ ही २००८ मध्ये आणि १.३ ही २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या दोन आवृत्त्यांतील दुबळेपणा उघड होत गेला. कार्डाने पैसे घेणाऱ्या व्यवस्थांना लागू असलेल्या सुरक्षा नियमांनी टीएलएसची आरंभीची आवृत्ती सोडण्यासाठी ३० जून २०१८ ही मुदत घातली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला यांनी १.० व १.१ ची साथ सोडण्याचा निर्णय एकाच वेळी जाहीर केला. मार्च २०२१ मध्ये या दोन्ही आवृत्त्या मानकांतूनही औपचारिकरीत्या बाद ठरल्या. पैशांचे व्यवहार होणारी संकेतस्थळे प्रथम बंद पडतात आणि साध्या बातम्यांची नंतर, याचे एक कारण या घटनाक्रमात आहे.

विंडोज एक्सपीला स्वतःहून टीएलएस १.० च्या पुढचे काही येत नाही. तिच्यावर इंटरनेट एक्सप्लोररची आठवी आवृत्ती ही शेवटची. शिवाय एकाच अंकी पत्त्यावर अनेक संकेतस्थळे नांदत असतील, तर आपल्याला कोणते हवे हे बोलणीच्या आरंभीच सांगण्याची रीतही एक्सपीवरील इंटरनेट एक्सप्लोररला ठाऊक नाही. म्हणून त्या ब्राउझरची कोणतीही मांडणी बदलून उपयोग होत नाही.

विंडोज ७ ची गोष्ट वेगळी. तिला टीएलएस १.२ येते; पण इंटरनेट एक्सप्लोररच्या ८ ते १० या आवृत्त्यांत ती सुविधा मुळात बंद ठेवलेली असते. कंट्रोल पॅनेलमधील ‘इंटरनेट ऑप्शन्स’ उघडून ‘ॲडव्हान्स्ड’ या भागात सर्वात खाली जावे आणि ‘युज टीएलएस १.२’ या चौकटीत खूण करावी. तेथेच एसएसएल २.० आणि ३.० यांवरील खुणा असल्यास काढून टाकाव्यात. एसएसएल ३.० मधील ‘पूडल’ नावाचा गंभीर दोष ऑक्टोबर २०१४ मध्येच उघड झाला आहे. हवाली राहू नये म्हणून सर्व चौकटींत खुणा करण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये.

ब्राउझर बदलल्याने काय साधते?

इंटरनेट एक्सप्लोरर आणि मॅकवरील सफारी हे कार्यप्रणालीच्या अंगभूत व्यवस्थेवर अवलंबून असतात. फायरफॉक्स मात्र टीएलएसची स्वतःची यंत्रणा आणि मूळ प्रमाणपत्रांची स्वतःची यादी सोबत घेऊन येतो. त्यामुळे प्रणाली जुनी असूनही फायरफॉक्समध्ये संकेतस्थळ उघडते, असा अनुभव येतो. एक्सपीच्या काळातील क्रोमला टीएलएस १.२ येत असे, परंतु प्रमाणपत्रांसाठी तो विंडोजच्या यादीकडेच पाहत असे.

एक्सपी व व्हिस्टासाठी फायरफॉक्सची शेवटची आवृत्ती ५२ ईएसआर. तिच्या सुधारणा २०१८ मध्ये थांबल्या. मॅकच्या १०.९ ते १०.११ या प्रणालींसाठी ७८ ईएसआर ही शेवटची. विंडोज ७, ८, ८.१ आणि मॅकच्या १०.१२ ते १०.१४ या प्रणालींसाठी ११५ ईएसआर असून तिच्या देखभालीची मुदत मोझिलाने एकापेक्षा अधिक वेळा वाढवली. ही आवृत्ती आधीपासून असेल, तर तीही अद्ययावत करून घ्यावी. फायरफॉक्समधील एका मूळ प्रमाणपत्राची मुदत १४ मार्च २०२५ रोजी संपली असून ११५.१३ पूर्वीच्या ईएसआर आवृत्त्यांत त्यामुळे ॲड-ऑन बंद पडण्यासारख्या अडचणी येतात.

यापलीकडे मायपाल किंवा सुपरमियम यांसारखे, स्वयंसेवकांनी जुन्या विंडोजसाठी जुळवून घेतलेले ब्राउझरही आहेत. वाचन, शोध, हवामान, वृत्तपत्रे अशा कामांना ते उपयोगी पडू शकतात. परंतु ब्राउझर नवा झाला तरी त्याखालची प्रणाली जुनीच राहते. तिच्यातील उघडी छिद्रे बुजत नाहीत. पासवर्ड किंवा पैशांशी संबंधित काम अशा जोडणीवर करू नये.

पान पांढरे किंवा विस्कटलेले असेल तर

जोडणी यशस्वी झाली, कोणताही इशारा आला नाही, तरीही पान कोरेच राहिले, तर बहुधा जावास्क्रिप्टचा प्रश्न असतो. या भाषेत २०१५ मध्ये मोठे बदल झाले आणि त्यानंतरही दरवर्षी भर पडत गेली. आजची अनेक संकेतस्थळे पानाचा मजकूर जावास्क्रिप्टनेच रचतात. जुन्या ब्राउझरला त्यातील एक चिन्ह जरी समजले नाही, तरी त्या फाइलमधील पुढचे काहीच चालत नाही. बटण दाबूनही काही न होणे, अर्जातील पर्यायांची यादी न उघडणे ही त्याचीच लक्षणे. पानाची मांडणी विस्कटून सगळे एका रांगेत दिसणे हे मांडणीचे नवे नियम न समजल्याने घडते.

येथे घड्याळ किंवा प्रमाणपत्र यांच्याशी झगडून उपयोग नसतो. उपलब्ध असलेला सर्वात नवा ब्राउझर वापरणे हाच उपाय. अँटिव्हायरसही तपासावा; काही अँटिव्हायरस सुरक्षित जोडणीच्या मध्ये बसून ती पुन्हा बांधतात आणि त्यांची आवृत्ती जुनी असेल, तर बिघाड ब्राउझरचा नसून त्यांचा असतो. त्यातील एचटीटीपीएस तपासणी क्षणभर थांबवून फरक पडतो का ते पाहावे, आणि पडत असल्यास अँटिव्हायरस अद्ययावत करावा किंवा बदलावा.

मराठी अक्षरांच्या जागी चौकोन

संकेतस्थळ उघडले, पण मराठी वाचता येत नाही, ही तक्रार एक्सपीवर विशेष आढळते. एक्सपीमध्ये मंगल हा देवनागरी टंक होता. तथापि जोडाक्षरे व वेलांट्या योग्य जागी बसवण्याची सोय इंग्रजी आवृत्तीत वेगळी सुरू करावी लागे. कंट्रोल पॅनेलमधील ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ येथे ‘लँग्वेजेस’ या भागात गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी असलेल्या पर्यायावर खूण करावी लागते. त्यासाठी विंडोजची मूळ सीडी लागू शकते. ती न मिळाल्यास बहुतेकांचे काम तेथेच अडते.

सोय सुरू असूनही एखाददुसरेच चिन्ह चौकोनी दिसत असेल, तर कारण वेगळे. ‘ॲप’ किंवा ‘ॲड’ या शब्दांतील ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहीत. रुपयाचे ₹ हे चिन्ह तर २०१० मध्ये स्वीकारले गेले. एक्सपीचा टंक या दोन्हींहून जुना असल्याने त्याच्याकडे ही चिन्हे नाहीत. विंडोज ७ मध्ये रुपयाचे चिन्ह एका सुधारणेद्वारे पुरवण्यात आले. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी यांसारखा मोफत उपलब्ध असलेला नवा टंक बसवल्यास असे चौकोन बहुधा नाहीसे होतात. या चौकोनांचा सुरक्षिततेशी संबंध नाही; ते दिसले म्हणून संकेतस्थळ बनावट ठरत नाही.

जुने मोबाईल

मोबाईलमध्येही हेच नियम लागू पडतात. अँड्रॉइडच्या ७.१.१ पूर्वीच्या प्रणालींत आयएसआरजी रूट एक्स १ नव्हते. त्यांच्यासाठी केलेली तात्पुरती व्यवस्था ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली, आणि त्यानंतर अशा फोनवर अनेक संकेतस्थळांपुढे इशारे दिसू लागले. येथेही फायरफॉक्सची त्या फोनवर चालणारी आवृत्ती उपयोगी पडते, कारण ती प्रमाणपत्रांची यादी सोबत बाळगते. क्रोमची अँड्रॉइड ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती ११९ असून अँड्रॉइड ८ व ९ साठी ती १३८ आहे. आयफोनवर मात्र वेगळा ब्राउझर घेऊन लाभ होत नाही. भारतात मिळणाऱ्या आयफोनवरील क्रोम किंवा फायरफॉक्स यांच्या आतही ॲपलचे वेबकिट हेच इंजिन असते आणि ते प्रणालीसोबतच नवे होते.

काय करू नये?

इशारा आला असताना ‘तरीही पुढे जा’ असा दुवा काही वेळा दिसतो. घड्याळ बरोबर आहे आणि संकेतस्थळ केवळ वाचण्यासाठी आहे, अशा स्थितीत तेथे कोणतीही माहिती न भरता पान पाहणे एक वेळ चालेल. परंतु बँक, निवृत्तिवेतन, आधार, डिजिलॉकर, ई-मेल किंवा पासवर्ड मागणारे कोणतेही पान असेल, तर त्या दुव्याला हात लावू नये. जुन्या संगणकावर इशारे रोजच येत असतील, तर खरा धोका आणि नुसता जुनेपणा यांतील फरक पडद्यावर दिसत नाही. सवयीने इशारा ओलांडणारा माणूस बनावट पानाचा इशाराही त्याच सवयीने ओलांडतो. काही संकेतस्थळांवर असा दुवा दिसतच नाही. ती अडवणूक नसून त्या संकेतस्थळाने मुद्दाम घातलेला अटकाव असतो.

‘तुमचा ब्राउझर जुना आहे, येथे क्लिक करा’ असे सांगणाऱ्या उसळत्या खिडकीतून काहीही उतरवून घेऊ नये. दूरध्वनीवरून ‘दुरुस्ती करून देतो’ म्हणणाऱ्याला संगणकाचा दूरस्थ ताबाही देऊ नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने ज्या दोषाचा फायदा घेतला, त्यावरील सुधारणा चालू प्रणालींसाठी मार्चमध्येच आली होती. तीन वर्षांपूर्वी देखभाल थांबवलेल्या एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टला हल्ल्यानंतर अपवाद म्हणून ती सर्वांना खुली करावी लागली. प्रत्येक वेळी असा अपवाद होईल, या भरवशावर राहता येत नाही.

दुरुस्ती कोठे थांबवावी?

घड्याळ बरोबर आहे, त्या प्रणालीला चालणारा शेवटचा ब्राउझर बसवला आहे, आणि तरीही आवश्यक संकेतस्थळ उघडत नाही, तर दुरुस्तीची हद्द तेथे संपली असे समजावे. याचा अर्थ यंत्र भंगारात द्यावे असा होत नाही. प्रोसेसर ६४ बिटचा आणि मेमरी ४ जीबी असेल, तर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली त्यावर साधारणपणे चालते. पेन ड्राइव्हवरून ती सुरू करून, हार्ड डिस्कवरील काहीही न पुसता, आधी पडताळून पाहता येते. युनिकोड मराठी आणि इन्स्क्रिप्ट कळफलक यांची सोय तीत असते. कायमची बसवण्यापूर्वी मात्र सर्व कागदपत्रांची व छायाचित्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी. ३२ बिटच्या यंत्रांसाठी हा मार्गही अरुंद होत चालला आहे. डेबियनने ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून अशा यंत्रांसाठी स्वतंत्र प्रतिष्ठापना देणे बंद केले.

पेजमेकर, डोंगल किंवा जुन्या प्रिंटरसाठीच यंत्र ठेवायचे असेल, तर त्याची प्रणाली बदलू नये. त्याची इंटरनेट जोडणी तेवढी काढून टाकावी. फाइलींची ने-आण पेन ड्राइव्हने करावी आणि तो पेन ड्राइव्ह दर वेळी अद्ययावत संगणकावर तपासून घ्यावा. बँकेची, सरकारी सेवांची आणि ई-मेलची कामे अद्ययावत मोबाईलवर किंवा दुसऱ्या संगणकावर करावीत. संकेतस्थळे उघडण्याचा भार उतरला, की असे जुने यंत्र आपले नेमून दिलेले काम पुढेही करत राहू शकते.